जस्त आणि हाडातली पेशींची ये-जा

मांडीच्या हाडाची पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की एकात एक बसलेल्या वर्तुळांचे कितीतरी गट दिसतात. यातला बहुतेक प्रत्येक गट म्हणजे कधीतरी झालेल्या एका दुरुस्तीची खूण. पेशींच्या एका टोळीनं जुनं हाड पोखरत बोगदा काढला, मागून दुसरी टोळी आली आणि तिनं तो आतून थर देत देत बुजवत आणला. टणक हाडात पोखरणारी टोळी दिवसाला साधारण ४० मायक्रोमीटर पुढे सरकते, म्हणजे एक मिलिमीटर जायला पंचवीस दिवस. ऑस्टिओक्लास्टचं, म्हणजे पोखरणाऱ्या पेशीचं, आयुष्य जेमतेम दोन आठवड्यांचं. पण एक दुरुस्ती पुरी व्हायला सहा-नऊ महिने लागतात. तेव्हा नव्या पेशी रक्तातून आणि मज्जेतून त्या जागी सतत येत राहाव्या लागतात. त्या आल्या नाहीत, उशिरा आल्या किंवा भलतीकडे गेल्या तर बोगदा अर्धवट राहतो.

जस्ताबद्दल (झिंकबद्दल) लिहिताना ‘हाडं मजबूत करतं’ एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. त्यात खोटं काही नाही, पण त्यातून काही कळतही नाही. हाडाच्या खनिजात जस्त असतं ते अगदी थोडं, एका ग्रॅम हाडात शे-दोनशे मायक्रोग्रॅमच्या घरात. भिंतीतली वीट म्हणून त्याला फारसं महत्त्व नाही. ते महत्त्वाचं आहे कारागिरांच्या पावलांत, त्यांच्या हत्यारांत आणि कोणी काय व्हायचं हे ठरवणाऱ्या प्रथिनांत. हे नीट ध्यानात घेतलं तर कमी जस्तानं नूतनीकरण का बिघडतं आणि जास्त जस्तानंही का बिघडतं, या दोन्हींचा उलगडा होतो.

पावलांपासून सुरुवात करू. पेशी चालते म्हणजे पुढच्या कडेला नवीन पकड घेते, आतल्या अ‍ॅक्टिनच्या दोऱ्या ताणून अंग पुढे खेचते आणि मागची पकड सोडते. पकडीच्या जागी पेशीच्या आत प्रथिनांची एक गर्दी जमते. त्यातल्या पॅक्सिलिन, झायक्सिन अशा प्रथिनांत ‘लिम’ नावाचे छोटे खंड असतात. एका लिम खंडात जस्ताचे दोन आयन असतात आणि सिस्टीन-हिस्टिडीन या अमिनो आम्लांच्या चिमट्यांत धरलेल्या त्या दोन आयनांमुळेच तो खंड आपल्या आकारात राहतो. पॅक्सिलिनमध्ये असे चार खंड, झायक्सिनमध्ये तीन. जस्त काढून घेतलं की खंडाची घडी मोडते. घडी मोडलेलं प्रथिन पकडीच्या जागी बसत नाही. इथे जस्त कोणतीही रासायनिक क्रिया घडवत नाही, ते नुसतं खुंटीसारखं आहे.

ऑस्टिओक्लास्टची चाल याहून वेगळी. पोखरताना ती एका जागी ठाण मांडते, भोवती अ‍ॅक्टिनचं कडं करून हाडाशी हवाबंद चिकटते आणि त्या बंद जागेत आम्ल सोडते. खड्डा झाला की कडं मोडते, थोडं सरकते, पुन्हा कडं करते. आम्लासाठी लागणारे प्रोटॉन येतात कार्बोनिक अनहायड्रेज-२ या एन्झाइमकडून. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून ते प्रोटॉन आणि बायकार्बोनेट तयार करतं, आणि त्याच्या मध्यभागी जस्ताचा एकच आयन असतो. हे एन्झाइम जन्मतः नसेल तर काय होतं ते १९८३ मध्ये विल्यम स्लाय आणि सहकाऱ्यांनी दाखवलं: जुनं हाड विरघळतच नाही, हाडं दाट पण ठिसूळ होतात. ‘जस्त हाडाची झीज थांबवतं’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. झीज करणाऱ्या पेशीलाही आपलं काम करायला जस्तच लागतं. (सगळी हत्यारं जस्ताचीच असतात असंही नाही. खड्ड्यातलं कोलॅजन तोडणारं कॅथेप्सिन-के जस्तावाचून चालतं.)

पेशीला वाट मोकळी करून देणारं हत्यार मात्र जस्ताचंच आहे. पेशींभोवती कोलॅजन आणि इतर प्रथिनांचं जाळं असतं. त्यातून पलीकडे जायचं तर जाळं कापावं लागतं, आणि कापणाऱ्या एन्झाइमांचं मोठं घराणं म्हणजे मेटॅलोप्रोटिनेज, थोडक्यात एमएमपी. यांच्या पात्याशी जस्ताचा एक आयन तीन हिस्टिडीननी धरलेला असतो. एन्झाइम तयार होतं तेव्हा त्याच्याच एका शेपटीतलं सिस्टीन त्या जस्तावर चौथ्या बाजूनं झाकणासारखं बसलेलं असतं. शेपूट तुटली की झाकण उघडतं, जस्तापाशी पाण्याचा रेणू येतो आणि कापणं सुरू होतं. उंदरांमधून एमएमपी-९ काढून टाकल्यावर वाढत्या हाडाच्या टोकाशी रक्तवाहिन्या आणि पोखरणाऱ्या पेशी वेळेवर शिरल्या नाहीत, हे १९९८ मध्ये दिसलं. पेशीच्या पुढच्या कडेलाच रोवलेलं एमएमपी-१४ काढलं तेव्हा तर उंदीर खुजे राहिले, हाडं विरळ झाली, सांधे सुजले आणि ते फार जगले नाहीत. याची उलटी बाजूही आहे. १९९० च्या दशकात कर्करोगावर मॅरिमास्टॅट नावाचं औषध तपासलं गेलं. ते एमएमपीच्या जस्ताला धरून बसायचं. कर्करोगात त्याचा अपेक्षित उपयोग झाला नाही, आणि रुग्णांना सांधेदुखी व आखडलेपणाचा त्रास झाला. एका जस्ताच्या आयनावर बोट ठेवलं की सांध्यांना ते जाणवतं, इतकं हे हत्यार रोजच्या वापरातलं आहे.

पोखरणं थांबून भरणं सुरू होतं तो क्षण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. हाड विरघळतं तेव्हा त्यात साठवलेलं टीजीएफ-बीटा हे निरोप देणारं प्रथिन बाहेर पडतं आणि मज्जेतल्या मूळ पेशींना खड्ड्याकडे खेचतं. नवीन हाड जिथून सुरू होतं तिथे एक बारीक सांधरेषा राहते. सिंक्रोट्रॉन या कणवेगवर्धक यंत्राच्या क्ष-किरणांनी माणसाच्या हाडातल्या मूलद्रव्यांचा नकाशा काढला तर नेमक्या याच रेषेवर जस्त आजूबाजूच्या हाडापेक्षा जास्त भरतं. नव्या कोवळ्या हाडात खनिज धरू लागतं त्या कडेलाही ते साचलेलं सापडतं. जिथे टोळ्यांची अदलाबदल झाली आणि जिथे खनिज बसायला लागलं, तिथे जस्ताचा माग राहतो.

खड्ड्याशी पोचलेल्या मूळ पेशीनं ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे रचणारी पेशी, व्हायचं की नाही हे ठरवणारं एक प्रथिन ऑस्टेरिक्स. त्यात जस्ताभोवती दुमडलेली तीन ‘बोटं’ असतात, त्यांनीच ते डीएनएवर पकड घेतं. ऑस्टेरिक्स नसलेल्या उंदरांत हाडच तयार होत नाही, हे २००२ मध्ये कळलं. ड जीवनसत्त्वाचा ग्राही (रिसेप्टर) डीएनएला धरतो तोही अशाच जस्ताच्या बोटांनी. मग ऑस्टिओब्लास्ट दिवसाला सुमारे एक मायक्रोमीटर या गतीनं कोवळं हाड रचत जातात. त्यात खनिज बसण्याआड पायरोफॉस्फेट येतं, ते तोडायचं काम अल्कलाइन फॉस्फेटेजचं. हे एन्झाइम जोडीनं असतं आणि जोडीतल्या प्रत्येकात दोन जस्ताचे व एक मॅग्नेशियमचा आयन.

आता आकडे पाहू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रौढाच्या शरीरात दोन ते तीन ग्रॅम जस्त असतं. निम्म्याहून अधिक स्नायूंत, तीसेक टक्के हाडांत, आणि रक्तद्रवात एकूण साठ्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास. हाडातल्या त्या तीस टक्क्यांना कोठार समजायची चूक सर्रास होते. आहारात जस्त कमी पडलं म्हणून हाड ते काढून देत नाही. जिथे पोखरणं चालू आहे तिथलंच काय ते सुटतं. पेशीच्या आतलं चित्र आणखी टोकाचं. तिथलं एकूण जस्त काहीशे मायक्रोमोलर, पण मोकळं जस्त पिकोमोलरच्या (मायक्रोमोलरचा दशलक्षावा भाग) पातळीवर, म्हणजे जवळजवळ सगळंच कुठल्या ना कुठल्या प्रथिनाच्या मुठीत. या मोकळ्या जस्ताची ने-आण २४ वाहक प्रथिनं करतात: झिप गटाची १४ पेशीद्रवात आणतात, झेडएनटी गटाची १० तिथून बाहेर काढतात किंवा पेशीतल्या कप्प्यांत भरतात. झिप-१३ या एका वाहकात बिघाड असेल तर एलर्स-डॅनलॉस विकाराचा एक प्रकार होतो, त्यात सांधे सैल आणि उंची कमी राहते. म्हणजे जस्त किती आहे याइतकंच ते पेशीच्या कुठल्या कप्प्यात आहे यालाही महत्त्व आहे.

जस्तानं हाडांच्या पेशींची हालचाल वाढते की कमी होते यावर एकमेकांना छेद देणारे निकाल वाचायला मिळतात. पुष्कळदा दोष प्रयोगाच्या मांडणीत असतो. नेहमीची चाचणी म्हणजे ओरखड्याची. एमसी३टी३-ई१ या उंदराच्या कवटीपासून मिळवलेल्या पेशी थाळीत गच्च भरेपर्यंत वाढवायच्या, २०० मायक्रोलिटरच्या पिपेटच्या टोकानं मधून सरळ रेघ ओढायची, सुटलेल्या पेशी धुऊन टाकायच्या आणि शून्य, बारा, चोवीस तासांनी त्याच जागेचे फोटो घेऊन फट किती भरली ते मोजायचं. दिसायला सोपी, पण चार ठिकाणी घात करते.

पहिली गोष्ट, फट चालूनही भरते आणि पेशी दुप्पट होऊनही. जस्तामुळे पेशींची वाढ होत असेल तर तुम्ही वाढ मोजता आणि चाल म्हणून लिहिता. ओरखड्याआधी मायटोमायसिन-सी, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, दोन तास देऊन धुतलं तर विभाजन थांबतं. तेवढं केल्यावरही फरक टिकला तर तो चालीचा.

दुसरी चूक सगळ्यात महाग पडते. विषारीपणा तपासताना पेशी १० टक्के सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) असलेल्या माध्यमात, म्हणजे पोषक द्रवात, असतात आणि ५० मायक्रोमोलर जस्त त्या सहज सोसतात. ओरखड्याच्या दिवशी वाढ रोखायची म्हणून सीरम १ टक्क्यावर आणतात किंवा काढूनच टाकतात, जस्त मात्र तेवढंच ठेवतात. सीरममधलं अल्ब्युमिन हे प्रथिन जस्ताला धरून ठेवत असतं. ते गेलं की त्याच ५० मायक्रोमोलरपैकी मोकळं जस्त कितीतरी वाढतं, पेशी आकसतात, सुटतात आणि निष्कर्ष लिहिला जातो की जस्तानं चाल मंदावते. ज्या माध्यमात ओरखडा काढणार त्याच माध्यमात आधी पेशींचं जिवंतपण तपासा. सीरममध्ये मूळचंही जस्त असतं, म्हणून ‘शून्य जस्त’ म्हणून ठेवलेली थाळी खरी शून्य नसते. ते जस्त मोजून घ्या आणि आकडा लिहा.

तिसरी गोष्ट म्हणजे द्रावण. २८.७५ मिलिग्रॅम झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट १० मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवलं की १० मिलिमोलर साठा होतो. त्यातलं १ मायक्रोलिटर दर मिलिलिटर माध्यमाला टाकलं की १० मायक्रोमोलर. साठा पाण्यातच करायचा, फॉस्फेट बफरमध्ये नाही. तिथे जस्ताचं फॉस्फेट होऊन तळाशी बसतं, वरून द्रावण स्वच्छ दिसतं आणि मात्रा प्रत्यक्षात कितीतरी कमी जाते. माध्यमात टाकताना एकदम न ओतता हलवत टाका.

चौथी, जस्त काढून घेण्याची. टीपेन हा पेशीत शिरणारा पदार्थ जस्ताला फार घट्ट धरतो. तो काही मायक्रोमोलरलाच पेशी मारू शकतो, आणि मेलेली पेशी चालत नाही हे सांगायला प्रयोगाची गरज नाही. शिवाय तो तांबं आणि लोहही धरतो. म्हणून टीपेनबरोबर तितक्याच मोलचं जस्त घातलेली एक थाळी हवीच. त्या थाळीत चाल पूर्ववत झाली तरच परिणाम जस्ताचा म्हणता येतो. त्याउलट डीटीपीए पेशीत शिरत नाही, बाहेरचं जस्त तेवढं धरतो. दोन्हींची तुलना केली तर बाहेरच्या एमएमपीचं जस्त कमी पडलं की आतल्या पकडींचं, याचा अंदाज बांधता येतो.

जाता जाता: पेशींचं अल्कलाइन फॉस्फेटेज मोजायचं असेल तर पेशी फोडायच्या द्रावणात ईडीटीए नको. ते एन्झाइममधलं जस्त आणि मॅग्नेशियम ओढून घेतं आणि आकडा खाली येतो. रुग्णाच्या रक्ताचंही तेच. जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीतलं रक्त चुकून या चाचणीला गेलं तर अल्कलाइन फॉस्फेटेज खोटं कमी येतं. सोबत पोटॅशियम अशक्य वाटावं इतकं जास्त आणि कॅल्शियम फारच कमी दिसलं तर नळीचाच संशय घ्या.

थाळीत जस्त वाढवलं की ऑस्टिओक्लास्ट कमी तयार होतात आणि ऑस्टिओब्लास्टचं काम वाढतं, असे निकाल बरेच आहेत. पण तिथे मात्रा पेशीच्या दारात आपण ठेवतो. शरीरात ती आतडं, यकृत, अल्ब्युमिन आणि चोवीस वाहकांच्या हातातून जाते. झिंकच्या गोळ्या घेतल्यानं हाड मोडण्याचं प्रमाण घटतं असं दाखवणारी मोठी, भक्कम चाचणी आज हाताशी नाही. ज्याला जस्त कमी पडतंय त्याला ते पुरवल्यानं फायदा होतो, हे मात्र पक्कं आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आनंद प्रसाद यांनी इराण आणि इजिप्तमधल्या वाढ खुंटलेल्या तरुणांचा अभ्यास केला, त्यातून माणसाला जस्ताची उणीव होऊ शकते हे पुढे आलं. त्यांच्या आहारात जस्त अगदीच नव्हतं असं नाही, पण धान्यातलं फायटेट, म्हणजे जस्ताला बांधून ठेवणारा पदार्थ, ते अडवत होतं.

फायटेटचा हिशेब कागदावर करता येतो. दिवसभरातल्या फायटेटच्या मिलिग्रॅमला ६६० नं भागा, जस्ताच्या मिलिग्रॅमला ६५.४ नं भागा, आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्यानं भागा. १३२० मिलिग्रॅम फायटेट आणि ८ मिलिग्रॅम जस्त असेल तर उत्तर १६ च्या थोडं वर येतं. १५ च्या वर गेलं की जस्त नीट शोषलं जात नाही असं धरतात. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी फायटेट तुटतं आणि हे गुणोत्तर खाली येतं. जस्ताचं प्रमाण न वाढवताही उणीव भरून काढायचा हा मार्ग आहे.

रक्ततपासणी करायची तर सकाळी, उपाशीपोटी आणि सूक्ष्म मूलद्रव्यांसाठीच्या गडद निळ्या टोपीच्या नळीत. साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त नमुन्यात उतरू शकतं. रक्तपेशी फुटल्या तर आकडा फुगतो, कारण लाल पेशींत कार्बोनिक अनहायड्रेज ठासून भरलेलं असतं. सकाळच्या उपाशीपोटीच्या नमुन्यात स्त्रियांना डेसिलिटरला ७० आणि पुरुषांना ७४ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं तर उणिवेचा विचार करतात. दुपारच्या नमुन्याला हाच निकष लावला तर बरं असलेलं माणूस उणिवेत मोजलं जाईल. दुपारसाठी सीमा ५९ आणि ६१ आहे. ताप, जंतुसंसर्ग, सूज असताना यकृत जस्त ओढून घेतं आणि रक्तातलं पडतं. म्हणून सीआरपी (सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन) आणि अल्ब्युमिन सोबत तपासल्याशिवाय कमी आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. हाड मोडून आठवडा झालेल्या रुग्णात कमी जस्त दिसलं तर ते सुजेमुळेही असू शकतं.

गोळीवरचं लेबल वाचताना क्षाराचं वजन आणि जस्ताचं वजन यांत गल्लत होते. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये जस्त ५० मिलिग्रॅम, म्हणजे २३ टक्क्यांच्या आसपास. ग्लुकोनेटमध्ये १४ टक्के, अ‍ॅसिटेटमध्ये ३० टक्के, ऑक्साइडमध्ये ८० टक्के, पण ऑक्साइड विरघळायला जड. अमेरिकी शिफारशीनुसार रोजची गरज पुरुषांना ११ आणि स्त्रियांना ८ मिलिग्रॅम, तर वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम. युरोपात ती २५ वर धरतात. म्हणजे ती एक ‘साधी’ झिंक सल्फेटची गोळी रोज घेतली तर दोन्ही मर्यादा ओलांडल्या जातात.

मर्यादा ओलांडली तर बिघडतं ते तांब्यामुळे. जास्त जस्त आलं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन भरपूर तयार करतात. हे प्रथिन जस्तापेक्षा तांब्याला जास्त घट्ट धरतं. मग ती पेशी आयुष्य संपून आतड्यात गळून पडते आणि तांबं घेऊन बाहेर जाते. हे महिनोन्‌महिने चाललं की तांब्याची उणीव होते, आणि कोलॅजनचे धागे एकमेकांना शिवणारं लायसिल ऑक्सिडेज तांब्यावर चालतं. हाडासाठी म्हणून घेतलेलं जस्त हाडाची शिवणच उसवतं. सुरुवातीला दिसतो तो मात्र रक्तक्षय, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी कमी होणं, आणि उशिरा पायांत बधिरपणा व चालताना तोल जाणं. जस्त असलेली कवळी चिकटवायची पेस्ट वर्षानुवर्षं भरपूर वापरणाऱ्यांतही हे आढळलं आहे, तेव्हा विचारताना फक्त गोळ्यांबद्दल विचारून भागत नाही. डॉक्टरांनी काही आठवड्यांहून जास्त काळ मोठी मात्रा सांगितली असेल तर रक्तातलं तांबं, सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहणारं प्रथिन) आणि रक्तपेशींची मोजणी अधूनमधून करून घ्यायची.

हाडं विरळ झाली म्हणून अ‍ॅलेंड्रोनेट हे औषध चालू असेल तर जस्ताची गोळी त्यासोबत कधीही नको. अ‍ॅलेंड्रोनेट उठल्यावर उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर किमान अर्धा तास काहीच नाही, आणि जस्त दिवसा नंतर जेवणासोबत. दोन्ही एकत्र गेली तर आतड्यातच त्यांची गाठ बसते. क्विनोलोन आणि टेट्रासायक्लिन गटाची प्रतिजैविकं चालू असतील तर तीही जस्ताशी अशीच बांधली जातात. ती जस्ताच्या दोन तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यायची. लोहाची मोठी मात्रा चालू असेल तर जस्त वेगळ्या वेळी. आणि रिकाम्या पोटी झिंक सल्फेट घेऊन मळमळलं तर मात्रा बदलण्याआधी वेळ बदलून बघा, जेवणानंतर घेतल्यावर बहुतेकांना ते सोसतं.